अनघ वैद्याचा राग

पूर्वी गोदावरीच्या तीरावर पोतन नावाचे नगर होते. तेथे सुबंधू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका वैद्यकुळात जन्म घेतला. त्याचे नाव अनघ ठेवण्यात आले. वयात आल्यावर तो तक्षशिलेला गेला, शल्यविद्या शिकला आणि परत येऊन आपल्या नगरातील रुग्णांवर उपचार करू लागला. मांसात रुतलेले बाणाचे टोक तो रुग्णाशी बोलता बोलता काढून घेई. पुढे राजाने त्याला आपला राजवैद्य केले.

पण लोक त्याचे नाव घेत ते केवळ हाताच्या कौशल्यामुळे नव्हे. तो रुग्णाच्या अंथरुणाजवळ जमिनीवर बसे. झोप लागली का, घास गेला का, घरी करणारे कोण आहे, हे सगळे विचारी आणि मगच दुखऱ्या जागेला हात लावी. म्हातारी माणसे एका दुखण्यातून दहा दुखणी काढून सांगत, तरी तो उठण्याची घाई करीत नसे. अनघ वैद्य उंबऱ्यात दिसला की अर्धे दुखणे मागच्या दाराने पळते, असे पोतन नगरात म्हणत.

त्याला नंदिल नावाचा धाकटा भाऊ होता. आईबाप लवकर गेल्यामुळे अनघानेच त्याला वाढवले होते. नंदिलाला विद्येची गोडी नव्हती, घोड्यांची होती. तो सैन्यात गेला. एका वर्षी दक्षिण सीमेवर बंड झाले, तेव्हा सेनापती वज्रबाहू सैन्य घेऊन निघाला. वाटेत घनदाट अरण्यात सैन्यात ज्वराची साथ पसरली. शत्रूच्या आधी खिंड गाठणे भाग होते. सेनापतीने आज्ञा दिली, "ज्यांना चालवत नाही त्यांना येथेच ठेवा. परतताना घेऊ." आजारी माणसांजवळ पाण्याचे घडे ठेवून सैन्य पुढे गेले. खिंड जिंकली, बंड मोडले. सैन्य त्याच वाटेने परतले तेव्हा तेथे कोणीही जिवंत उरले नव्हते. अरण्यातल्या श्वापदांनी ओळखण्याजोगेही काही ठेवले नव्हते. नंदिल त्या मागे ठेवलेल्यांत होता.

नगरात विजयाचा उत्सव झाला. राजाने सेनापतीच्या गळ्यात हार घातला. अनघ त्या दिवशी दार लावून घरात बसला आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा रुग्णांकडे गेला. त्याने कोणापाशी एक शब्द काढला नाही. लोकांना वाटले, ज्ञानी माणूस आहे, त्याने दुःख गिळले. त्यालाही तसेच वाटले.

काही वर्षे गेली. एकदा सेनापती वज्रबाहूच्या पाठीत बरगड्यांखाली गळू धरले. आधी त्याने ते अंगावर काढले. मग ताप चढला, कूस बदलणे कठीण झाले, आणि त्याची पत्नी धारिणी हिने राजवैद्याला बोलावणे पाठवले.

बोधिसत्त्व सकाळी सेनापतीच्या घरी गेला. त्याने गळू चाचपले, ताप पाहिला, जीभ पाहिली आणि उभ्यानेच सांगितले, "गळू अजून कच्चे आहे. कच्चे चिरले तर घात होईल. पिकेपर्यंत थांबावे लागेल."

सेनापती पालथा पडलेला होता. उशीत तोंड दाबून तो म्हणाला, "वैद्या, आता सोसवत नाही. लहान चीर तरी दे."

"थांबावे लागेल," बोधिसत्त्व पुन्हा म्हणाला.

"वेदनेवर काही?" धारिणीने विचारले.

"अळशीचे पोटीस बांधा." एवढे बोलून तो बाहेर पडला.

बाजारपेठेतून घराकडे जाताना त्याच्या कानावर एक सूर पडला. नावाडी गातात तसले एक साधे गाणे कोणीतरी गुणगुणत होते. बोधिसत्त्वाने आजूबाजूला पाहिले. मग त्याच्या ध्यानात आले की गुणगुणणारा तो स्वतःच आहे.

तो कुंभाराच्या दुकानासमोर थबकला. माणसे त्याला वळसा घालून जाऊ लागली. त्याने मनाशी म्हटले, 'एका माणसाला वेदनेने तळमळत सोडून मी आलो आहे आणि माझ्या तोंडी गाणे आहे. हे गाणे आले कोठून?' मग त्याने सकाळचे सगळे एकेक करून आठवले. आज तो रुग्णाजवळ बसला नव्हता. झोप लागली का, हे त्याने विचारले नव्हते. आत्तापर्यंत असे गळू झालेल्या कितीतरी रुग्णांना त्याने पाहिले होते. त्यांपैकी प्रत्येकाला त्याने गुंगी आणणारा काढा दिला होता. आज तो काढा त्याच्या पेटीत होता आणि पेटीतच राहिला. शिवाय आणखी एक गोष्ट त्याला आठवली. गळू चाचपताना बोटाखाली काहीतरी, पिकलेल्या गळूत पू हलतो तसे, हलल्यासारखे वाटले होते, आणि पुन्हा चाचपून न पाहता त्याने हात काढून घेतला होता.

'गळू खरेच कच्चे आहे,' त्याने स्वतःला विचारले, 'की ते कच्चे असावे असे मला वाटते आहे?'

या प्रश्नाचे उत्तर त्याला सापडले नाही. आणि उत्तर सापडत नाही हेच त्याला सर्वांत भयंकर वाटले. तो घरी गेला नाही. तो वळला आणि कौंडक वैद्याच्या घरी गेला.

कौंडक हा नगरातील सर्वांत वृद्ध वैद्य होता. त्याचे हात आता थरथरत, म्हणून त्याने शस्त्र खाली ठेवले होते. राजवैद्याचे पद आपल्याऐवजी अनघाला मिळाले, हे त्याच्या मनाला लागलेले होते आणि अनघाला ते ठाऊक होते. तरी बोधिसत्त्वाने त्याच्यापुढे हात जोडले आणि म्हटले, "आचार्य, सेनापतीचे गळू एकदा आपण पाहावे. माझ्या निदानावर माझा विश्वास राहिलेला नाही."

"का? तुला काय झाले?"

"मला त्या माणसाचा राग आहे. आज सकाळपर्यंत तो इतका आहे हे मला कळले नव्हते."

कौंडकाने काठी उचलली.

दोघे सेनापतीच्या घरी पोहोचले तेव्हा ऊन कलले होते. कौंडकाने गळू दोन बाजूंनी दाबून पाहिले, कान जवळ नेऊन सेनापतीचा श्वास ऐकला आणि बोधिसत्त्वाला दाराबाहेर नेले. तो हळू आवाजात म्हणाला, "पिकले आहे. वरून कातडी जाड आहे म्हणून दिसत नाही, पण पू आत उतरू लागला आहे. उद्यापर्यंत थांबलास तर हा वाचणार नाही. माझ्या हातून चीर दिली जाणार नाही, ती तुलाच द्यावी लागेल." मग तो आणखी जवळ सरकला. "आणि माझे ऐक. मघाशी माझ्याशी जे बोललास ते येथे बोलू नकोस. दुपारनंतर पिकले असे सांग. चीर दे, बरा कर, मोकळा हो. वैद्याच्या हातात काय आहे ते लोक पाहतात, मनात काय आहे ते कोणी उघडून पाहत नाही."

बोधिसत्त्व म्हणाला, "आचार्य, ज्याच्या पाठीवर शस्त्र चालायचे आहे, त्याला ते कोणाच्या हातात आहे हे कळायला हवे."

तो आत गेला. सेनापतीची प्रकृती बिघडल्याचे ऐकून सुबंधू राजाही तेवढ्यात तेथे आला होता. बोधिसत्त्व सेनापतीच्या उशापाशी जमिनीवर बसला, आणि त्या दिवसात प्रथमच त्याने त्याच्या तोंडाकडे पाहिले. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले, डोळ्यांत भीती. रुग्णाचे तोंड जसे असते तसेच ते होते.

"सेनापती," तो म्हणाला, "सकाळी मी गळू कच्चे आहे असे सांगितले. ते चुकले. ते पिकलेले आहे आणि आजच चिरायला हवे. मी का चुकलो तेही आपण ऐकावे. दक्षिणेच्या मोहिमेत आपण ज्या आजारी सैनिकांना अरण्यात ठेवून गेलात, त्यांत माझा धाकटा भाऊ होता. माझ्या मनात आपल्याविषयी राग आहे. सकाळी त्या रागाने माझ्या बोटांना नीट पाहू दिले नाही."

पहिल्यांदा बोलली ती धारिणी. "सकाळपासून हे उशी चावून पडले आहेत. तुमच्या पेटीत काढा होता, होय ना? शेजारच्या घरी तुम्ही तो देताना मी पाहिले आहे."

"होता," बोधिसत्त्व म्हणाला.

"आणि दिला नाहीत."

"दिला नाही, बाई."

राजा उभा राहिला. "अनघा, तू हे बोलला नसतास तर कोणाला कळले असते?"

"कोणालाही नाही, महाराज. म्हणूनच बोलावे लागले."

"मग हेही ऐकून ठेव. आता तुझ्या हातून सेनापती दगावला, तर रोगाने दगावला असे या राज्यात कोणी मानणार नाही. मीही मानणार नाही. शत्रुत्वाने मारल्याची जी शिक्षा, ती तुला होईल."

"कळले, महाराज."

"मी दुसऱ्या नगराहून शल्यवैद्य आणवतो," राजा म्हणाला. कौंडकाने मान हलवली. "तो येईपर्यंत सेनापती राहणार नाहीत, महाराज."

सेनापतीने कष्टाने मान वळवली. "तुझ्या भावाचे नाव काय?"

"नंदिल."

सेनापतीने डोळे मिटले. बराच वेळ तो आठवत राहिला. मग म्हणाला, "मला आठवत नाही. खोटे कशाला बोलू? त्या दिवशी निघताना मी मागे वळून पाहिलेच नाही. एकाचेही तोंड पाहिले असते तर पाय निघाला नसता." त्याने दम घेतला. "महाराज, यालाच चिरू द्या. माझ्यावर रागावलेली पुष्कळ माणसे माझ्यासमोर हसत उभी असतात. हा निदान सांगतो तरी."

धारिणी नवऱ्याकडे आणि मग बोधिसत्त्वाकडे पाहत राहिली. शेवटी ती उठली आणि पाणी तापत ठेवायला आत गेली.

बोधिसत्त्वाने सेनापतीला गुंगीचा काढा पाजला. गुंगी चढेपर्यंत तो त्याच्याजवळ बसला. झोप कशी लागते, डाव्या कुशीवर दुखते का, लहानपणी कधी असे गळू झाले होते का, असे विचारीत राहिला. सेनापती तुटक तुटक उत्तरे देत होता. त्याच्या मुठी हळूहळू सैल झाल्या. मग बोधिसत्त्वाने शस्त्र तापवून निवू दिले आणि कौंडकाला म्हटले, "आचार्य, माझा राग गेलेला नाही. तो येथेच, माझ्या शेजारी बसला आहे. आपण माझ्या हातावर नजर ठेवा. हात घाईला आला किंवा हवे त्यापेक्षा खोल जाऊ लागला, तर मला नावाने हाक मारा. एवढेच करा."

त्याने चीर दिली. पू वाहू लागला. पण कौंडक म्हणाला होता तसा तो आत उतरलेला होता आणि शस्त्र आणखी आत न्यावे लागले, जेथे केसाइतके इकडेतिकडे झाले तर माणूस जातो. त्याच वेळी काढ्याच्या गुंगीत आणि तापाच्या भरात सेनापती ओरडला, "मला सोडून जाऊ नका! पाणी संपले आहे! सोडून जाऊ नका!"

ते शब्द तो कोठून बोलला कोण जाणे. न पाहिलेल्या माणसांचा आवाज कदाचित त्याच्या कानात राहिला असेल. पण बोधिसत्त्वाला वाटले, नंदिल शेवटी असाच ओरडला असेल. त्याच्या डोळ्यांसमोर अरण्यातली ती वाट उभी राहिली आणि त्याची बोटे शस्त्रावर आवळली गेली.

"अनघ," कौंडक म्हणाला.

बोधिसत्त्वाचा हात जागच्या जागी थांबला. त्याने श्वास आत घेतला, बाहेर सोडला. त्याने सेनापतीच्या तोंडाकडे पाहिले. घामाने भिजलेला तो माणूस हाताने चाचपडत काहीतरी शोधत होता. बोधिसत्त्वाने आपला डावा हात त्याच्या हातात दिला आणि म्हटले, "मी येथेच आहे. कोणी सोडून जाणार नाही."

असे म्हणताना हे आपण कोणाला सांगतो आहोत, हे त्याला स्वतःलाही नीट सांगता आले नसते. पण त्याची बोटे सैल झाली. धारिणीने पुढे येऊन नवऱ्याचा हात आपल्या हातात घेतला, तेव्हा बोधिसत्त्वाने राहिलेली चीर हलक्या हाताने पुरी केली, आतला सगळा पू काढला, जखम धुतली आणि वाटलेल्या तिळाचा कल्क मध-तुपात कालवून भरला. काम संपल्यावर तो बाहेर ओसरीवर येऊन बसला. कौंडक त्याच्या शेजारी बसला. तो म्हणाला, "माझ्याही हातून एकदा असे झाले होते. मी कोणाला हाक मारायला सांगितली नव्हती." बोधिसत्त्वाने ही गाथा म्हटली:

परक्याचा ताप हातास कळे,
आपुला ताप कोणास कळे?
जो आधी आपुली नाडी पाहे,
त्याचेच औषध रुग्णास फळे.

सेनापतीचा ताप उतरला. जखम सावकाश पण चांगली भरू लागली. बोधिसत्त्व रोज येऊन ती धुई आणि बांधी. धारिणी पहिले काही दिवस त्याच्याशी बोलली नाही. नंतर ती त्याच्यासाठी ताकाचे भांडे ठेवू लागली.

राजाने बोधिसत्त्वाला सभेत बोलावले. "सेनापती वाचला, याचा मला आनंद आहे," तो म्हणाला. "पण राजवैद्य द्वेषाने चुकतो असे लोकांत पसरले, तर राजवाड्यातली माणसे तुझ्या हातचे औषध कशी घेतील? सकाळी गळू कच्चेच होते आणि ते दुपारी पिकले, असे तू सभेत एकदा सांग. तुझे पद तुझ्याकडे राहील."

"महाराज," बोधिसत्त्व म्हणाला, "उद्या एखादा तरुण वैद्य असाच चुकेल. राजवैद्य कधी चुकत नाहीत असे त्याने ऐकलेले असेल, तर तो आपली चूक झाकेल आणि त्याचा रुग्ण मरेल. आपण म्हणता ते मला सांगता येणार नाही."

राजाने पद काढून कौंडकाला दिले. बोधिसत्त्वाने ते शांतपणे सोडले आणि नगराच्या दक्षिण वेशीपाशी राहून येणाऱ्याजाणाऱ्यांवर उपचार करू लागला. कौंडक राजवैद्य झाला खरा, पण शस्त्र लावायचे काम आले की तो वेशीवर निरोप पाठवी. मग एक चिरी आणि दुसरा पाही. पोतन नगरात पुढे ही रीतच पडली की अवघड रुग्णाजवळ वैद्याने एकट्याने जाऊ नये.

चालता फिरता येऊ लागल्यावर सेनापती वज्रबाहू एकदा पायी वेशीवर आला. बोधिसत्त्व एका वाटसरूचा पाय बांधत होता. तो होईपर्यंत सेनापती उभा राहिला. मग म्हणाला, "वैद्या, तू मला क्षमा केलीस का?"

बोधिसत्त्वाने विचार केला. खोटे बोलणे सोपे होते आणि ते ऐकायला सेनापती इतक्या लांब चालत आला होता.

"अजून नाही," तो म्हणाला. "पण आपण आलात हे बरे झाले. बसा, जखम पाहू द्या."

सेनापती बसला. त्याने सदरा वर केला. बोधिसत्त्वाने जखमेवरून बोट फिरवले आणि ती पुरती भरल्याचे सांगितले. सेनापती जायला उठला, थांबला, आणि म्हणाला, "तुझ्या भावाचे नाव नंदिल. आता विसरणार नाही."

पुढच्या वर्षी दक्षिणेकडे पुन्हा मोहीम निघाली. सैन्य वेशीतून बाहेर पडू लागले तेव्हा नगरातले लोक पाहायला जमले. सर्वांत पुढे हत्ती नव्हते, घोडेस्वार नव्हते. पुढे होत्या बैलगाड्या, गवताच्या गाद्या अंथरलेल्या. आजारी माणसांच्या गाड्या मागे ठेवल्या की त्या मागेच राहतात, म्हणून त्या पुढे चालतील आणि सैन्य त्यांच्या चालीने चालेल, अशी सेनापतीची आज्ञा होती. अधिकारी कुरकुरत होते. सेनापती घोड्यावरून उतरून पहिल्या गाडीच्या चाकाशेजारून चालत होता आणि दर थोड्या वेळाने मागे वळून पाहत होता.

बोधिसत्त्व वेशीच्या दगडावर बसून ते पाहत होता. गाड्यांची धूळ खाली बसेपर्यंत तो तेथून उठला नाही. आपल्या मनात काय आहे ते त्याने पाहिले. दुःख तेथे होते. राग त्याला सापडला नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, श्रावस्तीजवळच्या विहारात सांगितली. तेथे उपसीम नावाचा भिक्षू आजाऱ्यांची देखभाल करीत असे. तिस्सक नावाचा एक रुग्ण भिक्षू त्याला कधीकाळी चारचौघांत टोचून बोलला होता. उपसीम त्याला औषध वेळेवर देई, पण दारातून देई आणि न बोलता जाई. शास्त्यांनी विचारले तेव्हा तो म्हणाला होता, "भदंत, औषध तर मी देतोच. मनाशी काय करायचे आहे?"

कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळचा वज्रबाहू म्हणजे आजचा तिस्सक. कौंडक म्हणजे उपसीम. धारिणी म्हणजे रुग्णांसाठी रोज पेज आणणारी उपासिका सुतना, सुबंधू राजा म्हणजे तिचा पिता, आणि अनघ वैद्य तो मीच."

एका भिक्षूने विचारले, "भदंत, आणि नंदिल?"

शास्ते म्हणाले, "वाटेवर पडलेला जो कोणी भेटेल, तो नंदिल समजा."

उपसीम उठला. औषधाची वाटी घेऊन तो तिस्सकाच्या कुटीत गेला, आणि या वेळी त्याच्या उशापाशी बसला.

दुसऱ्याच्या वेदनेला हात लावण्यापूर्वी आपल्या मनात काय आहे ते पाहणे, आणि जे दिसेल ते न झाकणे, ही सत्यपारमिता, म्हणजे सत्याची पूर्णता, होय.